चादर सोडून काही पण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या हाती एक कागदी चांदणी आली. पिवळ्या कार्डशीटची, कडा जरा वाकड्या कापलेल्या, एका टोकाला पंचिंगचं भोक आणि त्यात लाल लोकर ओवलेली. मागच्या बाजूला बॉलपेननं छोटा तक्ता आखला होता. क्रमांक ३७. मुलगा. वय ९. त्याखाली दोन रकाने, गरज आणि हौस. गरजेच्या रकान्यात कुणा मोठ्या माणसाच्या सफाईदार अक्षरात लिहिलं होतं, 'स्वेटर चालेल, माप ३०'. हौसेच्या रकान्यात पेन्सिलीनं, रेघ सोडून खाली घसरत गेलेल्या अक्षरात, 'चादर सोडून काही पण'.

वाचून मी आधी मोठ्यानं हसले. चर्चच्या हॉलमध्ये असं हसणं बरं दिसत नाही म्हणून मैत्रिणीनं कोपरानं ढोसलं. ती माझी शाळेपासूनची. नाताळात तिच्या घरून करंज्या, चकल्या आणि मनुका घातलेला केक असा डबा आमच्याकडे येतो, दिवाळीत तोच डबा भरून आमच्याकडून जातो. झाकणावर नेमकं कुणाच्या आईचं नाव कोरलं होतं तेही आता घासून गेलंय. त्यांच्या मंडळीत दरवर्षी एका वसतिगृहातल्या मुलांसाठी हा बेत असतो. हॉलच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड उभं करतात, त्याला चांदण्या टांगतात, ज्याला जमेल त्यानं एक काढून घ्यायची. पाचशेच्या आत बसेल असं काहीतरी २० तारखेपर्यंत आणून द्यायचं. आपल्याला मुलाचं नाव कळत नाही, मुलाला आपलं कळत नाही. आणि वस्तू कागदात गुंडाळायची नाही. या शेवटच्या नियमानं मी जरा हिरमुसले, त्याचं नंतर सांगते.

"दुसरी घे की," मैत्रीण म्हणाली. "ही बघ, हिला नुसत्या बांगड्या आणि क्लिपा पाहिजेत. दहा मिनिटांचं काम."

मी ३७ नंबरच पर्समध्ये टाकला.

घरी पोचेपर्यंत मात्र हसू ओसरलं. सोलापुरातल्या रंगभवनपासून सात रस्त्यापर्यंत रिक्षा रखडत होती आणि डोक्यात ते चार शब्द घोळत होते. कारण मागच्या फेब्रुवारीत वडिलांचं, अण्णांचं, वर्षश्राद्ध झालं, तेव्हा मी चाळीस चादरी वाटल्या होत्या. एका वसतिगृहातच. जेवणावळ नको, पैसे सत्कारणी लागू देत, असा घरातल्या सगळ्यांचा विचार पडला आणि मी पूर्वभागातल्या एका कारखान्यातून घाऊक भावात चादरी उचलल्या. दोन गठ्ठे रिक्षात, मी गठ्ठ्यांवर. तिथल्या बाईंनी चहा दिला, पावती दिली आणि चादरी ठेवायला लोखंडी कपाट उघडलं. कपाटात वरपासून खालपर्यंत घडी घातलेल्या चादरीच होत्या. मी मनात म्हटलं, किती व्यवस्थित ठेवतात! दुसरं काही मनात आलं नाही, खरंच. ३७ नंबर त्याच वसतिगृहातला आहे का, हे मी मैत्रिणीला विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही म्हणा.

सोलापुरात कुणाला काय द्यायचं हा प्रश्नच पडत नाही. पाहुणा आला, चादर. साहेबांची बदली झाली, चादर. लग्नात व्याह्यांना चादर, पुण्याच्या डॉक्टरांना चादर, वक्त्याला हार, नारळ आणि चादर. सोलापूरहून निघालेल्या माणसाला पुण्या-मुंबईचे लोक "येताना काय आणलंस" असं विचारतच नाहीत, पिशवीच्या आकारावरून ओळखतात. आमच्याकडे एकदा एका कवीनं सत्काराला उत्तर देताना सांगितलं होतं, की सोलापूरच्या तीन कार्यक्रमांत मुलीच्या रुखवताची सोय झाली. सगळे हसले आणि त्यांना चौथी चादर दिली. या गावानं कसली कसली चादर केली! पांघरली, अंथरली, वाळवणाखाली घातली, इस्त्रीला टेबलावर टाकली, दाराला पडदा म्हणून लावली, सिव्हिल हॉस्पिटलात पेशंटच्या कॉटखाली नातेवाइकांनी ती टाकून रात्री काढल्या. तेव्हा अनाथ किंवा गरीब पोर दिसलं की गावाचा हात आपोआप चादरीकडेच जाणार. वाढदिवस असो, पुण्यतिथी असो, नेत्याचा असो की आजोबांचा. नऊ वर्षांच्या पोराच्या वाट्याला अशा किती चादरी आल्या असतील?

आणि अण्णा चादर विणायचे.

म्हणजे आधी ते गिरणीत साच्यावर होते. सोलापूरची जुनी मिल १८७७ची, तिच्या मागोमाग आणखी उभ्या राहिल्या, आणि भोंग्यावर अख्खं गाव चालायला लागलं. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, कारण लागायचंच नाही. पहिला भोंगा झाला की आई उठायची, दुसऱ्याला अण्णा भाकरी बांधून बाहेर. पुढे गिरणीचं काही खरं राहिलं नाही, तेव्हा ते साखर पेठेतल्या एका कारखान्यात यंत्रमागावर लागले. मी डबा घेऊन जायचे. आत शिरलं की पहिल्यांदा खटाक खटाक आवाजानं छाती हलायची, बोलणं सगळं हातवाऱ्यांनी. मागाच्या वर जेकार्ड, आणि त्याच्यातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ सरकत यायची. एकेक पुठ्ठा येणार, जिथं भोक असेल तिथला धागा उचलला जाणार, आणि खाली हळूहळू मोराचा पिसारा उमटणार. मला ते जादूसारखं वाटायचं. अण्णांच्या भुवयांवर कापसाचा भुरा बसलेला असायचा, त्यामुळे ते दुपारी बारा वाजताच म्हातारे दिसायचे. कधी पुठ्ठा अडकायचा, धागा तुटायचा आणि नक्षी चुकायची. तसली चादर बाजारात जात नसे, कामगारांना स्वस्तात मिळायची. आमच्या घरी सगळ्या तसल्याच. एका चादरीवरच्या मोरांना मानच नव्हती. मी आणि धाकटी बहीण रात्री ती पांघरून बोटानं मान काढायचो.

त्यामुळे मला नवी, बिनचुकीची, खळीचा वास असलेली, घडी मोडताना करकरणारी चादर ही श्रीमंती वाटत आली. चाळीस पोरांना चाळीस सबंध मोर दिले, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

रात्री डॅलसहून भाचीचा फोन आला. तिला चांदणीचं सांगितलं तर म्हणाली, "अगं मावशी, हे तर एंजल ट्री! आमच्याकडे मॉलमध्ये असतं." तिच्याकडून आणि नंतर थोडं वाचून कळलं ते असं, की साल्व्हेशन आर्मीच्या, म्हणजे आपल्या मुक्तिफौजेच्या, चार्ल्स आणि शर्ली व्हाइट या जोडप्यानं १९७९ साली व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग गावी एका मॉलमधल्या नाताळच्या झाडाला कार्डं टांगली. कार्डांवर देवदूतांची चित्रं होती, म्हणून एंजल. त्यावर मुलांना काय पाहिजे ते लिहिलेलं, आणि बाजाराला आलेल्या लोकांनी जाता जाता एकेक कार्ड न्यायचं. त्याच्याही आधी, १९४७मध्ये, लॉस एंजलिसला एका बाईंनी घरी बाहुली शिवली आणि नवऱ्याला सांगितलं, ही एखाद्या गरजू पोरीला पोचेल अशा संस्थेत दे. नवरा, मेजर बिल हेंड्रिक्स, शोधून आला; तशी संस्थाच नव्हती. बाई म्हणाल्या, मग तू काढ. त्यातून मरीन सैनिकांची 'टॉइज फॉर टॉट्स' ही मोहीम उभी राहिली आणि त्याच वर्षी पाच हजार खेळणी गोळा झाली. बाहुली शिवली बाईंनी, नाव झालं मेजरचं. ते चालायचंच.

भाची दरवर्षी एक देवदूत घेते. तिच्याही कार्डावर मापं असतात, लागणाऱ्या वस्तू असतात, आणि वेगळ्या ओळीत मुलाला मनापासून काय हवंय तेही असतं. एका वर्षी तिच्या वाटच्या मुलीनं मोजे आणि जाकीट यांच्याखाली नेलपॉलिश लिहिलं होतं. "मी विचार केला, मोजे चार जोड घ्यावेत, नेलपॉलिश कशाला," भाची म्हणाली. "मग मला माझीच लाज वाटली. माझ्या ड्रॉवरमध्ये अकरा बाटल्या आहेत."

तिथंही वस्तू न गुंडाळताच द्यायची असते. कारण विचारलं तर म्हणाली, बऱ्याच ठिकाणी त्या वस्तू आईबापांच्या हाती देतात. ते घरी नेऊन कागदात बांधतात आणि आपल्या हातानं पोराला देतात. पोराला वाटतं, बापानं आणलं. मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. मला कागदात बांधायचं होतं ते कशासाठी? चांदीचा कागद, रिबीन, फूल. कुणीतरी माझ्यासाठी खपलं, हे पोराला कळावं म्हणून. आणि पोरानं कागद फाडताना मी निदान मनात तरी तिथं असावं म्हणून.

मला मिळालेल्या वस्तूंचं मी आठवू लागले. बहात्तरच्या दुष्काळात मी पाच वर्षांची. शाळेतली सुकडी आठवते, गोड आणि घशाला चिकटणारी, आणि रेशनवरच्या मिलोची लालसर भाकरी. मिलो म्हणजे तांबडी ज्वारी, अमेरिकेहून आलेली. तिकडे हे डुकरांना घालतात, असं गल्लीतल्या बायका दबक्या आवाजात बोलायच्या आणि तव्यावरची भाकरी उलटायच्या. आई म्हणायची, "खा गुमान." खाल्लं. त्याच्यावर वाढलो, तक्रार नाही. पण बोटीनं धान्य पाठवणाऱ्यानं 'गरज' एवढा एकच रकाना वाचलेला होता, आणि तेव्हा तोच वाचायचा होता.

वह्यांचं मात्र अजून गळ्याशी आहे. चौथीत होते. अण्णांची गिरणी काही महिने बंद पडलेली. एका संस्थेनं आमच्या शाळेत गरजू विद्यार्थ्यांना वह्यावाटप ठेवलं. बाईंनी वर्गात यादी वाचली, त्यात माझं नाव आलं, तोपर्यंत मला ठाऊकच नव्हतं की मी गरजू आहे. स्टेजवर ओळीनं उभं केलं. पाहुण्यांनी वही माझ्या हातात दिली, मी ओढली, तर त्यांनी सोडली नाही. फोटोवाल्याचा फ्लॅश लागत नव्हता. तो खटपट करतोय, पाहुणे समोर बघून हसतायत, वहीचं एक टोक त्यांच्या हातात आणि एक माझ्या. किती वेळ, देव जाणे. वहीच्या मुखपृष्ठावरही त्यांचाच फोटो होता. मी ती वही पूर्ण भरली, गणित सोडून सगळे विषय तिच्यात केले, पण वर खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं, एक सोडून दोन.

त्याच वर्षी संक्रांतीला गड्डा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची जत्रा, आला. गिरणी बंद होती तरी अण्णा आम्हाला घेऊन गेले, कारण गड्ड्याला न जाणं सोलापूरच्या माणसाला जमत नाही. बाराबंदी घातलेली माणसं, नंदीध्वज, होम मैदानावरची धूळ, भज्यांचा आणि गॅसबत्तीचा मिसळलेला वास. पाळण्यात बसायचे पैसे नव्हते, तेव्हा पाळण्याखाली उभं राहून बघितलं. परतताना एका हातगाडीपाशी मी थांबले. रंगीत पत्र्याची खेळण्यातली मनगटी घड्याळं होती, पट्ट्याला इलॅस्टिक, काटे छापलेले, दहा वाजून दहा मिनिटांवर. मी मागितलं नाही. मागायची सवयच नव्हती. अण्णांनी बघितलं, खिसा चाचपला, आणि घेतलं. घरी आईनं कपाळावर हात मारला. "हे काय भाकरीबरोबर खायचंय?" अण्णा म्हणाले, "असू दे की. पोरीची हौस." चार दिवसांनी इलॅस्टिक तुटलं. नंतर मी ते दोऱ्यानं बांधून हिंडले. शाळेत कुणी किती वाजले विचारलं, की ऐटीत मनगट वर करून सांगायचे, दहा वाजून दहा.

हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो. पण म्हणतो ते लग्नात चार डबे पेढे जास्तीचे आले की. पत्र्याच्या घड्याळाला कुणी म्हणत नाही. आणि ज्या माणसानं चारचौघांत गरजू ठरलेल्या पोरीसाठी हे केलं, त्याच्या वर्षश्राद्धाला मी काय केलं तर चाळीस चादरी.

शनिवारी संध्याकाळी नवी पेठेत गेले. आधी स्वेटर घेतला, ३० नंबर, निळा. मग खेळण्यांच्या दुकानात शिरले. शेजारचा चौथीतला मुलगा माझा सल्लागार. त्याला आधीच विचारून ठेवलं होतं. बॅट म्हटल्यावर तो म्हणाला, "हॉस्टेलात बॅट सगळ्यांची होते, आजी. मोठी पोरं घेतात." फुटबॉलचं तेच. कॅरम तर विचारूच नका. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जिथं ताट, बादली, कॉट, चादर सगळं एकसारखं आणि सगळ्यांचं, तिथं अंगावरून उतरवता येणार नाही असं काहीतरी पाहिजे. दुकानात मी कंपासपेटी उचलली आणि खाली ठेवली. चित्रकलेची वही उचलली, तीही ठेवली. शब्दकोडी, पृथ्वीगोल, बुद्धिबळ. माझा हात सारखा पोराच्या भल्याकडेच जात होता. काउंटरवरचा पोरगा कंटाळला. "नातवाला पायजे काय मावशी?"

"हो," मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक.

"मग हे घेऊन जावा की." त्यानं काचेखालून एक डिजिटल घड्याळ काढलं. काळा रबरी पट्टा, वर अंक, बाजूला चार बटणं. एक दाबलं की आतून निळा उजेड. "अंधारात पण दिसतंय बघा," म्हणत त्यानं हाताची ओंजळ करून घड्याळ आत धरलं आणि मला डोकावायला लावलं. त्या ओंजळीत निळा उजेड आणि त्यात ६:०८. मग म्हणाला, "अलार्म पण आहे," आणि बटणं दाबून दोन मिनिटं पुढचा गजर लावला. आम्ही दोघं ती दोन मिनिटं उभे राहिलो. मागं एक बाई क्रिकेटच्या स्टंपांचा भाव करत होती. ६:१०ला ते चिमणीसारखं किरकिरलं. दोनशे ऐंशी रुपये. मी घेतलं.

घरी येऊन मात्र शंका सुरू झाली. हे मी कुणासाठी घेतलं? ३७ नंबरसाठी की होम मैदानावरच्या त्या हातगाडीपाशी थांबलेल्या पोरीसाठी? त्याला कदाचित रिमोटची गाडी हवी असेल. कदाचित नुसती मोठी कॅडबरी. 'काही पण' लिहिणाऱ्याला खरंच काही पण चालतं, की काय मागावं हेच कधी कुणी विचारलेलं नसतं म्हणून तसं लिहून होतं? चांदणी टेबलावर होती. पेन्सिलीचं अक्षर मी दिव्याखाली धरून पाहिलं तर 'चादर'च्या आधी काहीतरी लिहून खोडलेलं होतं. खोडरबरानं कागद जरा उसवला होता. मी कागद तिरका धरला, चश्मा पुसला. एक 'स' असावा, किंवा 'र'. लागलं नाही.

सोमवारी दोन्ही वस्तू मैत्रिणीकडे दिल्या. तिनं स्वेटर बाजूला काढला. "एकाला दोन नाही चालत गं. पोरं मोजतात. याच्या खालच्या खोलीतल्याला एकच आणि याला दोन, मग रात्री मारामारी." बरोबर होतं. स्वेटर वसतिगृहाच्या नावानं जमा झाला. घड्याळ तिनं उलटंपालटं करून बघितलं, बटण दाबलं, निळा उजेड बघून तिच्या चेहऱ्यावर नऊ वर्षांचं काहीतरी आलं आणि गेलं. काचेवर पातळ प्लॅस्टिक चिकटवलेलं होतं. ती नखानं काढायला लागली, तर मी हात धरला. तेवढं त्याला काढू दे.

नाताळ झाला. डबा आला, केकला यंदा जायफळ जास्त. मग माझ्या गुडघ्यांचं, तिच्या सुनेच्या बाळंतपणाचं, गड्ड्याच्या गर्दीचं असं सगळं मधे गेलं. संक्रांतीनंतर ती शेंगापोळी न्यायला आली आणि ओट्यापाशी उभी राहून वसतिगृहाच्या बाईंचं गाऱ्हाणं सांगायला लागली. बाई वैतागल्यात म्हणे. संध्याकाळची प्रार्थना सहाला बसते. सगळी पोरं डोळे मिटून बसतात, आणि रोज, अगदी रोज, मधेच कुणाचं तरी घड्याळ किरकिर वाजतं.

"सहा वाजून दहा मिनिटांनी," मी म्हणणार होते. तुपाची वाटी पुढं सरकवली.

"बाईंनी त्याला सांगितलं, बाळा, हे बंद कर. तर म्हणतो, येत नाही." तिनं शेंगापोळीचा तुकडा मोडला. "आता तूच सांग, नऊ वर्षांच्या पोराला घड्याळाचा गजर बंद करता येत नाही?"